भुलोजी कोण होणार?

आमच्या हुडकेश्वरच्या इमारतीत कोजागिरीपर्यंतचा भुलाबाईचा महिना म्हणजे रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या दारावर धाड. दहा-बारा पोरी टिपऱ्या घेऊन घरोघरी येतात, पाटावर मांडलेल्या मातीच्या भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी यांच्यापुढे गाणी म्हणतात आणि मग खाऊ ओळखतात. घरच्या बाईनं डबा झाकून आणायचा, खुळखुळ वाजवून दाखवायचा आणि आतला पदार्थ ओळखल्याशिवाय झाकण काढायचं नाही, हा कायदा. त्या वर्षी या टोळीत एक पोरगा होता. वय सहा, डोक्यावर माझ्या बायकोची ओढणी, हातात आतेबहिणीच्या बांगड्या. माझा मुलगा.

खाऊ ओळखण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. डब्याला कान लावायचा, नाक लावायचा, डोळे मिटायचा आणि न्यायाधीशाच्या थाटात सांगायचा, "चिवडा आहे. पण काकूनं शेंगदाणे कमी टाकले."

गाणी त्याला माझ्या आईनं शिकवली. ती गावाहून, खाप्याहून, आमच्याकडे राहायला आली तेव्हा तो दीड वर्षाचा होता आणि जेवताना घरादाराला रडवायचा. आईनं एकेका घासाला एकेक कडवं लावलं. पोळी-वरणासोबत सासू, नणंद, माहेर सगळं त्याच्या पोटात गेलं. पण तोच नातू ओढणी घेऊन पोरींच्या घोळक्यात निघाला तेव्हा हीच बाई दचकली.

"घरात म्हणते तोवर ठीक आहे," ती मला म्हणाली. "दारोदार काहून? लोक काय म्हणतीन गा?"

"म्हणून राहिले ना लोक. समोरच्या काकू म्हणतात, तुमच्या पोराचा आवाज सगळ्यात गोड."

"मी आवाजाचं नाही म्हणत."

 

प्रताप नगरातल्या त्याच्या शाळेनं कोजागिरीच्या आधी कार्यक्रम ठरवला. पहिलीच्या मुलींची भुलाबाई, मुलांचं लेझीम. माझा मुलगा उठून वर्गाच्या बाईंकडे गेला आणि एका दमात म्हणाला की मला भुलाबाईत घ्या, मला परकर-पोलकं घालायचं आहे, आणि मला सगळी गाणी येतात. बाई तरुण होत्या, मनानं चांगल्या होत्या. त्यांनी आम्हा नवरा-बायकोला बोलावणं धाडलं.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाईंनी सुरुवात केली, "तसा तो खूप हुशार आहे." हा 'तसा' ऐकला की पालकानं खुर्चीचे हात घट्ट धरावेत. "पण मुलं त्याला चिडवतात. आम्हाला त्याचीच काळजी वाटते."

मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला. "आपण त्याला भुलोजी करू. फेटा बांधू, मिशी काढू, मुलींच्या मधोमध बसवू. म्हणजे तो भुलाबाईतही राहील आणि कोणी काही बोलणारही नाही."

मला ही युक्ती इतकी आवडली की मी टेबलावर थाप मारली. "क्या बात है!"

"त्याला विचारायचं का आधी?" बायको हळूच म्हणाली.

"अवं, त्यात काय विचारायचं? हिरो आहे तो!" असं म्हणून मी होकार देऊन मोकळा झालो.

घरी आल्यावर मी ताट वाजवून घोषणा केली. मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"भुलोजी काय करते?"

"बसतो. ऐटीत!"

"गाणं म्हणते?"

"नाही."

"टिपऱ्या खेळते?"

"नाही बेटा."

"मग काय करते?"

"सांगितलं ना, बसतो!" मी म्हणालो. त्यानं हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि माझ्या तळव्यावर ठेवल्या. "ताईले परत देऊन द्या."

मग चार दिवस तो टोळीत गेला नाही. सकाळी शाळेची व्हॅन आली की पोट दुखायचं. जेवताना आजीनं कडवं सुरू केलं तर हा मुकाट्यानं चावत बसायचा. चौथ्या संध्याकाळी टोळीची फेरी आमच्या घरी होती. आईनं करंज्या तळल्या होत्या, अख्ख्या मजल्याला वास सुटला होता. गाणी झाली. आईनं डबा नेमका त्याच्या कानाशी वाजवला.

"सांग रे राजा."

"मले नाही माहीत."

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी त्या त्याचीच वाट बघत राहिल्या.  शेवटी आईनं स्वतःच झाकण काढलं. न ओळखलेला डबा उघडताना मी तिला जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, चपला घालून दारात उभी. "चाल गा शाळेत."

"तू काय बोलशील तिथं?"

"तू नको बोलू, म्हणजे झालं. तू बोलला तं पोरगं भुलोजी झालं."

शाळेत मुख्याध्यापिका आणि बाई दोघी समोर होत्या, पण आई खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. "मॅडम, तुमच्या पोरींले भुलाबाईची गाणी येतात काय?"

"थोडी येतात," बाई म्हणाल्या. "बाकी स्पीकरवर लावणार आहोत."

"माह्या नातवाले सगळी येतात. मी शिकवली. चूक असन तं माही आहे, त्याची नाही. चार दिवस झाले, पोरगं गाऊनच नाही राहिलं..."  लुगड्याच्या पदरानं तिनं तोंड पुसलं.

"आजी, मुलं चिडवतील हो त्याला," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"चिडवतीन. मग चिडवणाऱ्यायले तुम्ही काय सांगता? आजवर तं तुम्ही त्यालेच सांगून राहिल्या."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आधी मी वर्गाशी बोलते. परकर-पोलकं घेऊन या." मग त्यांना आठवलं, "पण आता भुलोजी कोण होणार? सगळी मुलं लेझमात आहेत."

तिन्ही बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या.

तर कार्यक्रमाच्या दिवशी मी फेटा बांधून, काजळाची मिशी काढून स्टेजवर पाटावर बसलो. बोलायची सक्त मनाई. ज्या माणसाला मौन पाळायच्या सभेतही दोन शब्द बोलावेसे वाटतात, त्याला ही शिक्षा! माझ्याभोवती चौदा मुली आणि हिरव्या परकरातला माझा मुलगा. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "हे काय चाललं शाळेत?" त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "बसा ना हो चुप, ऐकू द्या." लेझीमवाल्या पोरांत एक जण फिदीफिदी हसला. वर्गाच्या बाई जाऊन त्याच्या शेजारी बसल्या. तिसऱ्या गाण्यात एक मुलगी अडकली. माझ्या मुलानं टिपरी न थांबवता तिच्या कानात ओळ सांगितली आणि गोल पुढे सरकला.

त्या दुसऱ्या रांगेला मला केवढं तरी सांगायचं होतं! पण डोळेच भरून आले आणि मिशी गालावर ओघळायला लागली. ती पुसायला मी हात उचलला. तेवढ्यात मुलगा फेर धरत माझ्यासमोरून गेला आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत दबक्या आवाजात दटावून गेला, "बाबा, हालू नका. भुलोजी हालत नाही."