सुखदेव हवालदाराची तीन काडतुसं

बँकेच्या दारात जो बंदूकवाला उभा असतो, त्याची गोळी चालते की नाही, हे तुम्ही कधी विचारलं आहे का? खरं सांगा. तुम्ही त्याला वेळ विचारली असेल, मॅनेजर आले का म्हणून विचारलं असेल, सायकलवर लक्ष ठेव म्हणून सांगितलं असेल. गोळीचं नाही विचारलं. मीही विचारलं नव्हतं, आणि मला तर सगळंच विचारायची खोड आहे. त्यापायी तीनदा ठाण्यात बसून आलो.

हे मला सुखदेव सोमकुंवरमुळे कळलं. रामाकोन्याचा माणूस. सतरा वर्षं पलटणीत, त्यातली शेवटची सहा हत्यारखान्यात. हवालदार होऊन ब्याऐंशी साली घरी आला तेव्हा गावातल्या काहींना वाटलं, हा आता पहिल्यासारखा बाजूला सरून वाट देईल. तो सरला नाही. भांडलाही नाही. आपल्या चालीनं रस्त्याच्या मधून चालत राहिला. काय करायचं ते समोरच्यानं ठरवावं. मला असं जमत नाही. मी पहिले तोंड उघडतो, मग विचार करतो.

चौऱ्याऐंशी साली सौंसरच्या एका बँकेत चौकीदाराची जागा निघाली. बंदूक स्वतःची पाहिजे, लायसन स्वतःचं पाहिजे, आणि दहा काडतुसं साहेबांना मोजून दाखवायची. म्हणजे पाहा, सतरा वर्षं सरकारनं याच्या खांद्यावर बंदूक ठेवली, घरी पाठवताना काढून घेतली, आणि आता पोटाला पाहिजे तर म्हणे बंदूक घेऊन ये. लायसनसाठी त्याच्याबरोबर माझ्याही छिंदवाड्याला इतक्या चकरा झाल्या की दफ्तरातला शिपाई आम्हाला पाहून स्वतःच म्हणायचा, "साहेब नाहीत." शेवटी लायसन मिळालं. त्यावर शिक्का होता: तीन महिन्यांच्या आत हत्यार विकत घ्यावं, नाही तर लायसन रद्द.

आणि त्या वर्षी बाजारात हत्यारच नव्हतं. दुकानदार म्हणायचा, माल वरूनच येऊन नाही राहिला. बंदुकीला यादी, काडतुसाला यादी, आणि यादीत वरची नावं संत्र्याच्या बागावाल्यांची.

सुखदेवची बायको कमल एक दिवस भाकर थापता थापता म्हणाली, "ते लायसन फ्रेममंदी लावा आता. पाव्हण्यायले दाखवाले तरी होईन."

"अजून धा दिवस हायेत," सुखदेव म्हणाला.

"धा दिवसात तीन महिन्याचं काम करता काय?"

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा निरोप आला. कोण्या खात्यानं जुन्या रायफली काढून टाकल्या होत्या. त्यातल्या अठरा छिंदवाड्याच्या दुकानदाराकडे लायसनवाल्यांना विकायला आल्या होत्या. आम्ही पहाटेची छोटी गाडी धरली.

दुकानात यशवंतराव आधीच बसलेले. सौंसरकडचे मोठे बागाईतदार. रानडुकरं बागेची माती उकरतात म्हणून बंदूक घ्यायला आलेले. हातात चहा. आम्हाला पाहून म्हणाले, "का रे सुखदेव, तुले कोणतं डुक्कर मारायचं हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुखदेवनं माझ्या पायावर पाय ठेवला.

रायफली भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. दिसायला लढाईतल्या, पण नळी आतून घोटून गुळगुळीत केलेली. दुकानदार शेठनं लाकडाला नवं पॉलिश मारलं होतं. यशवंतरावांनी सगळ्यात चमकणारी उचलली, खांद्याला लावली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला आणि म्हणाले, "बांधा."

सुखदेव खाली मांडी घालून बसला. एकेक रायफल मांडीवर घ्यायची, दस्त्याच्या टोकाला पितळेचं छोटं झाकण असतं ते अंगठ्यानं उघडायचं, आत बोट घालायचं, परत ठेवायची. नळीत पाहतही नव्हता. एक नाही, दोन नाही, तेरा झाल्या.

"काय शोधून राहिले हवालदार? खजिना?" शेठ हसला.

चौदावी काळी पडलेली. दस्त्याचा टवका उडालेला, पॉलिश मारायलाही कोणी हात लावला नव्हता. तिच्या झाकणातून सुखदेवनं एक दोरी काढली. नळी पुसायची, पलटणीत तिला फुलतरू म्हणतात. दोरीला चिंदी बांधलेली, आणि मागून तेलाची इवलीशी पितळी बाटली. बाटली हलवून त्यानं कानाला लावली. आत थेंबभर तेल होतं.

"हेच," तो म्हणाला. "बाकीच्यायचं सामान हरपलं. इचं जाग्यावर हाय. म्हणजे जो कोणी इले वापरे, तो रोज पुसे."

मग नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि मला पाहायला दिलं. आतून आरशासारखी. शेठनं खांद्याचा पट्टाही देऊन टाकला, एवढी कुरूप रायफल निघाली याचाच त्याला आनंद.

खरी गोष्ट पुढे झाली. शेठनं माणशी दहा काडतुसं ठेवली होती, त्याच लॉटमधली. सुखदेवनं दहाही काउंटरवर उभी केली. एकेक उचलून खालून पाहिलं, मानेवरून नख फिरवलं. हिरवी बुरशी धरलेली, चिरलेली, टोपी दबलेली, अशी बाजूला. बाजूला सात गेली. समोर तीन राहिली.

"हे तीन देजा."

"पाह्य भाऊ," शेठ म्हणाला, "दुसरा माल नाही. दिवाळीपर्यंत येत नाही. सात सोडशीन तर आता कोणी बी घेऊन जाईन."

"घेऊ दे. त्यायले बी सांगजा, का खराब हायेत."

मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "अबे, तिथं दहा मोजाचे हायेत. चालले काय अन् नाही चालले काय, कोण चालवून पाह्यते?"

"म्हणूनच," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत मी त्याच्याशी बोललो नाही. नोकरी हातची गेली असं मला पक्कं वाटत होतं. तीन महिने, सगळ्या चकरा, आणि हा माणूस सात काडतुसांसाठी सगळं सोडून आला. तो खिडकीशी बसून कमलनं दिलेली शिदोरी खात होता. म्हणाला, "घे, ठेचा हाय." मी घेतला नाही. रामाकोना येईपर्यंत पस्तावलो.

बँकेत मॅनेजर साहेब जबलपूरकडचे. टेबलावर तीन काडतुसं पाहून म्हणाले, "हवालदार, नियम दस का है."

मी दारात उभा होतो. उद्या इथेच धरण्याचा मंडप टाकतो, असं म्हणणार होतो. सुखदेव दाराकडे वळला, पण माझ्याकडे पाहत नव्हता. तिथे जुना चौकीदार श्रावण उभा होता, त्या महिन्यात कामावरून सुटणारा. कमरेला पट्टा, पट्ट्यात बारा बोअरची दहा लाल काडतुसं.

"श्रावणभाऊ, राग नोको धरा. नळी उघडा अन् एक काडतूस आत टाकून दाखवा साहेबायले."

श्रावणनं बंदूक मधून वाकवून नळी उघडली. काडतूस पट्ट्यातून निघेना, पिळून काढावं लागलं. नळीत अर्धं गेलं आणि अडकलं. दुसरंही अडकलं. कागदाची काडतुसं, किती पावसाळ्यांची ओल खाऊन फुगलेली. दहातली आठ आत जाईनात.

"मी तं नऊ वर्सात एक बी पट्ट्यातून काढलं नोयतं," श्रावण म्हणाला. "चांगलं झालं कोणी आलं नाही. मले पळावं लागलं असतं, अन् माहे गुडघे तसे नाहीत."

कॅशियर हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी आधी तिजोरीच्या खोलीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या तीन काडतुसांकडे. म्हणाले, "बाकी सात जब अच्छे मिलें, तब लाना. सोमवार से आ जाओ."

बाहेर आल्यावर सुखदेवनं माझ्याकडून एक विडी मागितली. तो पीत नव्हता. धरून ठेवली नुसती.

आता दोन वर्षं झाली. सात काडतुसं त्यानं पुढच्या उन्हाळ्यात आणली, तीसुद्धा पंचवीस पाहून. खाकी शर्टाला कमल अशी इस्त्री करते की त्याच्या बाहीनं भाजी कापावी. नव्या घराची भिंत छातीइतकी आली आहे. मागच्या संत्र्याच्या हंगामात यशवंतराव आपली चमकणारी रायफल घेऊन रामाकोन्याला आले. तिचा चाप अडकत होता. डुक्कर समोर उभं राहून पाहत होतं म्हणे. खाटेवर बसले, कमलनं दिलेला चहा प्याले आणि म्हणाले, "हवालदार, जरा पाहून देता काय?" देता, म्हणाले. मी तिथेच होतो. सुखदेवनं रायफल आधी रिकामी आहे का ते पाहिलं, आणि चहा संपेपर्यंत चाप मोकळा करून दिला.

तेव्हा माझं एक ऐका. सौंसर, पांढुर्णा, तिगावकडे ज्यांच्या घरी लायसनची बंदूक आहे, त्यांनी आपली जुनी काडतुसं एकदा रविवारी रामाकोन्याला नेऊन सुखदेवला दाखवा. तो काही घेत नाही, देऊ करू नका. आणि तो जे बाजूला काढेल, ते घरी परत नेऊ नका. ठाण्यात जमा करून टाका.