कोंदलेल्या खोलीतला हिरवा दिवा

आमचे हे इमारतींमधून हवा मोजणारे सेन्सर बसवतात. लग्नाला गेले तरी हॉल कोंदट आहे का ते आधी बघतात, नवरी मागाहून. स्वस्तातला सेन्सर त्यांना डोळ्यांसमोर नको असतो. कुणी अत्तर मारलं तरी तो कार्बन डायऑक्साइड वाढल्याची बोंब ठोकतो म्हणे. माणसाच्या नाकाला तर ते मोजमापात धरतच नाहीत.

सासरे गेल्यापासून सासूबाई आपल्या खोलीची खिडकी उघडू देत नव्हत्या. दिवसभर तिथेच असायच्या आणि सकाळी उठायच्या त्या डोकं धरूनच. खोली कोंदली आहे, असं मी म्हटलं. ह्यांनी चांगल्यातला सेन्सर आणून लावला. सुरुवातीला दिवा लाल लागला. नवा सेन्सर स्थिरावायला वेळ लागतो, हे म्हणाले. पुढे तो हिरवा झाला तो झालाच. मग सासूबाईंचा चष्मा बदलला, उशी बदलली. डोकं दुखायचं थांबलं नाही आणि माझं नाक खोटं ठरलं.

एकदा पुसायला म्हणून मी तो सेन्सर गॅलरीत नेला. कार्बन डायऑक्साइडचा आकडा घसरतच गेला, बाहेरच्या हवेत असतो त्याच्याही खाली. हे बघायला आले आणि स्टुलावर बसले.

"एवढी शुद्ध हवा पृथ्वीवर नाही," म्हणाले.

हा सेन्सर अधूनमधून स्वतःला सुधारतो. दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून चालतो. संध्याकाळी रिकाम्या होणाऱ्या ऑफिसात ते जमतं. कधीच न उघडणाऱ्या खोलीत तो कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो. ही गोष्ट आमचे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला पढवतात. मी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा आपटून ठेवला.

हे खिडकी उघडायला गेले, तर सासूबाई तिला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"उघडलीस तर त्यांचा वास जाईल."

ह्यांनी कपाटातून सासऱ्यांचा स्वेटर काढला, घट्ट झाकणाच्या डब्यात घातला आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"वास इथे राहील, आई. तू श्वास घे."

खिडकी मग सासूबाईंनीच उघडली. डोकेदुखी गेली. डबा त्या कधीमधी उघडतात. परवा तो ह्यांच्यापुढे धरला.

"आहे ना रे अजून?"

ह्यांनी डब्यात नाक घातलं. बराच वेळ घातलं.

"आहे," म्हणाले.

मग डबा माझ्याकडे आला. आत नुसता डांबरगोळ्यांचा वास होता. मीही म्हणाले, "आहे."