वन्संच्या कॉम्प्युटरवरचे माझे निरोप

२० सप्टेंबर, शनिवार. सोमवारी घट बसणार होते आणि मी वन्संची खोली आवरायला घेतली होती. कॉम्प्युटरच्या वायरी सोडवून जमिनीवर ठेवल्या, पंखा पुसला, माळ्यावरच्या चादरी खाली काढल्या.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रत्नागिरीकडच्या गावात वाढले, तिथे असल्या गोष्टींना तोटा नाही. पण ज्याला भूत दिसलं तो माणूस नेहमी शेजारच्या गावचा असतो! या सदरातले अनुभवही मी आजवर हसतच वाचले. आता स्वतःच लिहायला बसलेय, तर निदान नीट लिहिते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. काशीमिऱ्याजवळच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरात शेवटची खोली त्यांची. घरी बसून डेटा एंट्रीची कामं करायच्या. कामाची माणसं तीन वेगवेगळ्या चॅटवर, म्हणून त्यांनी एक फुकटचा प्रोग्रॅम घातला होता... ओपन सोर्स म्हणतात तसला. सगळीकडची खाती एकाच खिडकीत दिसायची. मग घरातल्या सगळ्यांची खातीही त्यांनी त्यातच आणली. माझं ‘आई’ नावाचं खातं त्यांनीच उघडलं. मला टाइप करायचा कंटाळा. पोळ्या लाटता लाटता मी ओरडायचे, “वन्सं, केतकीला लिहा, पार्सल मिळालं का?” त्या लिहायच्या, तिचं उत्तर मोठ्यानं वाचायच्या आणि वर स्वतःचं शेपूट जोडायच्या, “एका शब्दात उत्तर दिलंय तुझ्या लेकीनं. मिजास बघ.”

केतकी माझी मुलगी, पुण्यात असते. तिचं आणि वन्संचं कधी पटलं नाही. तिच्या लग्नात पाहुण्यांच्या बॅगा वन्संच्या खोलीत ठेवल्या, तर त्यांनी त्या सगळ्या उचलून जिन्यात नेऊन ठेवल्या. पाहुण्यांसमोर.

जानेवारीत वन्सं गेल्या. पुढच्या महिन्यात आम्ही घरातलं इंटरनेट काढून टाकलं, फोनवर भागतं. ते चॅटचं खातं माझ्या फोनमध्ये कधी नव्हतंच. मी मुलीशी बोलते, लिहीत नाही.

केतकीला आठवा महिना लागलेला. जावई जहाजावर, डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलेलं. पितृपक्ष संपला की तिला घरी आणायचं ठरलं होतं, खोली आवरायची ती त्यासाठीच. हात धुतले आणि तिला फोन लावला.

“मंगळवारी गाडी सकाळी पाठवू की जेवून निघतेस?”

“आई, पुरे आता.”

“काय पुरे?”

“फोनवर गोड बोलायचं आणि दुपारी तसलं लिहायचं. मी येत नाहीये. एकटी करेन सगळं.”

“मी काय लिहिलं?”

“बाबा शेजारी आहेत ना? म्हणूनच. फोनवर हा विषय काढू नकोस, बाबांना कळेल, असं तूच लिहिलंस!”

तिनं फोन ठेवला आणि माझ्या फोनवर फोटो पाठवले. ‘आई’ या खात्यावरून दोन आठवडे तिला रोज दुपारी मेसेज जात होते.

‘दुपटी वाळत घालायला इथे जागा नाही.’

‘पोर तिकडेच काढ.’

‘तुझं रडणं ऐकून घेतलं, आता त्याचं ऐकायचं का?’

शेवटचा त्याच दिवशीचा. ‘खोली रिकामी होत नाही.’ तो गेला तेव्हा मी स्टुलावर उभी राहून पंखा पुसत होते आणि वायरी माझ्या समोर जमिनीवर पडल्या होत्या.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, “हॅक झालंय. घाबरतेस काय?”

“घाबरत नाहीये. संताप येतोय.”

खालच्या दुकानातल्या तिवारींना वर बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्त करतात, वन्संचाही तेच बघायचे. त्यांनी वायरी जोडून तो सुरू केला. प्रोग्रॅम आपोआप उघडला. सगळी नावं राखाडी, म्हणजे कोणीच जोडलेलं नाही. फक्त ‘आई’ हिरवं.

“भाभी, घर में नेट है?”

“नहीं है.”

“मेरा हॉटस्पॉट भी बंद है.” त्यांनी खिशातला फोन काढून पुन्हा पाहिला. “तो फिर ये ऑनलाइन कैसे दिखा रहा है?”

तेवढ्यात केतकीच्या नावाची खिडकी उघडली आणि खालच्या रिकाम्या चौकटीत अक्षरं उमटायला लागली. तिवारींचे हात मांडीवर होते. मी कीबोर्डची वायर उपटली. अक्षरं थांबली नाहीत.

‘कोणाकोणाला खोलीत घेतेस? बाहेर काढ त्याला.’

“क्या लिखा है?” तिवारींनी विचारलं.

“आपको बाहर निकालने को लिखा है.”

ते उठले. “भाभी, मैं जाता हूँ. ये मेरे बस का नहीं.” व्हिजिटचे पैसेही न घेता गेले, हे तिवारींच्या बाबतीत मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी खुर्ची ओढून बसले. घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण आठव्या महिन्यातल्या बाईशी असं बोलणाऱ्याची मला किळस आली होती. कीबोर्ड परत जोडला आणि एकेक बोटानं लिहिलं, ‘माझ्या नावानं लिहू नका. काय ते मला सांगा.’

उत्तर आलं. ‘तुझ्या नावानं मीच लिहीत आलेय. तिला तुझा आवाज ओळखू येतो, लिहिणं माझं ओळखते. बघ ती कोणाचं ऐकते.’

मी प्लग ओढला. स्क्रीन काळी झाली. लगेच केतकीला फोन केला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला आणि रडतच म्हणाली, “आई, आता तर तू लिहिलंयस की इथून पुढे मी फोन केला तर उचलू नकोस.”

“ते मी नाही, बाळा.”

“मग कोण? वर्षानुवर्षं याच नावावरून तू लिहितेस ना?”

टाइप वन्सं करायच्या, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मी स्वयंपाकघरातून ओरडून पाठवल्या होत्या. तिनं फोन ठेवला, नंतर उचलला नाही.

वाचकांपैकी कोणी हॅकिंग म्हणेल, म्हणून सांगते. कॉम्प्युटर पुढे दोन जाणत्यांना उघडून दाखवला. त्या आठवड्यांत तो एकदाही सुरू झाल्याची खूण नाही. खातं बंद करायला गेलो तर असं खातंच नाही असं उत्तर येतं. केतकीच्या फोनमध्ये मात्र सगळे मेसेज अजून आहेत. मला याचा अर्थ लागलेला नाही, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी तिवारींना जाऊन विचारावं.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. नवरा सकाळीच ओट्याशी उभा, बहिणीच्या नावानं पान वाढायचं म्हणून अळूची पानं धूत होता.

“तुझ्या हातची अळूवडी आवडायची तिला,” तो म्हणाला.

“तुझ्या हातची खाऊ दे,” मी म्हटलं, “मी निघाले.”

“किती दिवस?”

“बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत.”

“अगं, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लोक काय म्हणतील?”

“लोकांना लिहून कळव.”

वन्संच्या खोलीचं दार मी लावून घेतलं. काशीमिऱ्याच्या नाक्यावरून पुण्याची बस पकडली. केतकीला कळवलं नाही. तिच्या दारात पोहोचले, बेल वाजवली. बराच वेळ आत नुसती हालचाल ऐकू येत होती. मग दार साखळीपुरतं उघडलं. तिच्या हातात फोन होता आणि चेहरा पांढराफटक.

“आई... दार उघडू नकोस, असं आत्ताच लिहिलंयस.”

“माझ्या हातात काय आहे बघ,” मी म्हटलं. एका हातात बॅग होती, दुसऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा. “यातल्या कुठल्या हातानं लिहिलं मी?”

तिनं साखळी काढली.