परतीचा फोटो

कवठ्याचे मामा दर रविवारी संध्याकाळी शिरूरला माझ्या मोबाइलच्या दुकानात येतात. त्यांच्याकडे बटणांचा फोन, म्हणून हाँगकाँगला असलेला मुलगा नवराबायकोच्या फिरण्याचे फोटो माझ्याच फोनवर पाठवतो. कधी डोंगर, कधी बेट, बहुतेक वेळा बोट. मामा जोडप्याकडे बघतच नाहीत. आधी कठडा बघतात, मग पाणी.

"मागं सरका की रं," असं फोटोलाच दटावतात. गिऱ्हाईक खोळंबतं, मला वैताग येतो.

परवाच्या फोटोत बोटीवर एकटी सून हसत होती. मामांचा चेहरा उतरला.

"पोरगं कुठं हाय?"

"मामा, फोटो तोच काढत असंल."

"मोठा कर."

मोठा केला. सुनेच्या काळ्या गॉगलमध्ये फोन धरलेला मुलगा इवलासा दिसत होता. मामांनी त्याच्यावर अंगठा टेकवला, त्यासरशी फोटो सरकला आणि मुलगा दिसेनासा झाला. मामा केवढ्यानं दचकले! मी परत आणून दाखवला.

"हाय," म्हणत ते स्टुलावर बसले. "आता काठाला लागल्याचा कवा येईल?"

"येईल की."

मी शटर ओढेपर्यंत ते तसेच बसतात. फिरून घरी परतताना कोणी फोटो काढत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.