नागपंचमीचं जेवण

सिंगापुरात पुंगोलला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधली अकाउंटंट मुलगी अंड्यालाही हात लावत नाही. तरी दर शनिवारी ती प्राणी-केंद्रात, कुणाकडून तरी जप्त केलेल्या अजगराच्या पिल्लाला भरवायला जायची. इथल्या मराठी मंडळात तिची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, हे आज लिहून ठेवतो.

पिल्लू आल्यापासून काहीच खात नव्हतं. आता ते जगणार नाही, असं सगळे म्हणत होते. नागपंचमी शनिवारी आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो. तिने फ्रीजरमधला छोटा उंदीर कोमट पाण्यात उबदार करून चिमट्यात धरला.

"अगं, आज तरी नको," मी म्हणालो.

"काका, सण त्याचा, मग उपास त्याला कशाला?"

तिने चिमटा तसाच पिल्लासमोर धरून ठेवला. बऱ्याच वेळाने पिल्लाने झडप घातली आणि सावकाश उंदीर गिळला.

"जेवला बाई माझा राजा!" ती पुटपुटली.

बाजूला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मी आपणहून सांगितलं, "ही आमची शेजारीण."