आत्मारामच्या मोटारीच्या मागच्या कमानी

सातपाटीच्या आत्मारामला कुणी "मोटार कशी आहे?" असं विचारलं, की तो घरच्या माणसाची चौकशी केल्यासारखा खुलायचा. केळव्याच्या एका बागायतदाराने अडगळीत टाकलेली अडतीस सालची शेवरोलेट त्याने घेतली होती आणि सातपाटी ते पालघर स्टेशन अशी ती टॅक्सी म्हणून चालवायचा. सकाळच्या खेपेला मासळी विकणाऱ्या बायका आणि त्यांच्या ओल्या पाट्या. त्या भाराने मागच्या कमानी, म्हणजे एकावर एक रचलेले ते पोलादी पाटे, पार बसल्या होत्या. खड्डा आला की गाडीचं बूड आपटायचं, आणि "आई गं" म्हणायचा तो आत्माराम. बायका मजेत असायच्या.

पासष्ट साली त्याने एकदाचं मनावर घेतलं. कंपनीचे पाटे आता मिळण्यातले नव्हते. मुंबईत एक कारागीर जुन्या मोटारींना नव्या कमानी घडवून देतो असं कळलं, तेव्हा नमुन्याला एक कमान सोडवून तो तिकडे गेला. कारागिराने विचारलं, भार किती? आत्मारामने बायका, पाट्या, टपावरची पोती, सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच.

"आणि रिकामी किती चालते?"

"माझी गाडी रिकामी? कदीच नाय!"

फुशारकी कुणाला चुकली आहे? कारागिराने त्याच्या शब्दावर दोन-दोन पाटे जास्त घातले.

अंगणात सांगाड्याखाली लाकडी ठोकळे देऊन आत्मारामने कमानी स्वतः बसवल्या. शेवटचे बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, भार देऊन. त्यासाठी त्याने जयवंतीला मागच्या सीटवर बसवलं. जयवंती म्हणजे त्या मासळीवाल्या बायकांची म्होरकी, देहाने आणि आवाजाने सारखीच दांडगी. "मी काय वजनाचं माप हाय?" असं बडबडत का होईना, बोल्ट आवळून होईस्तोवर ती बसून राहिली.

भरलेली गाडी आता झोकात चालायची. रिकामी मात्र त्या ताठ कमानींवर उधळायची. त्यातच तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि एकटेदुकटे साहेबलोक स्टेशनवर उतरून मोटार मागू लागले. एकदा बसलेला साहेब दुसऱ्यांदा टांगा शोधायचा. आत्माराम मनात कुढायचा, पण कमानींना नावं ठेवणाऱ्याशी कडाकडा भांडायचा.

अशात एका सकाळी पालघर स्टेशनवर नागोराव आला. हा परभणीकडचा, वीजकेंद्राच्या बांधकामावर मजुरी करणारा. त्याची बायको साखरबाई सात महिन्यांची गरोदर, आणि आदल्या रात्रीपासून तिच्या अंगावरून जात होतं. बोईसरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पालघरच्या दवाखान्यात न्या, आडवी न्या, आणि धक्का बसू देऊ नका, नाहीतर मूल हाती लागणार नाही. म्हणून तो पहिल्या रेल्वेने येऊन मोटार शोधत होता.

"आख्खी गाडी पाहिजे," तो म्हणाला. "आमच्याबिगर कुणी नको."

बोईसरकडे जाताना नागोराव मागे एकटाच बसला. वाटेतली उमरोळी येण्याआधीच त्याचं डोकं दोनदा टपाला आपटलं.

"थांबवा! ह्या गाडीत तिला न्हाई घालणार म्या!"

आत्मारामने गाडी थांबवली. कमानींपायी तो आजवर साऱ्या गावाशी भांडला होता, पण हा माणूस खरं बोलत होता. आणि दुसरी मोटार कुठून आणणार?

"भाऊ, बोईसर गाठू द्या," तो म्हणाला. "मग बघतो काय ते."

बोईसर स्टेशनबाहेर जयवंती आणि तिची जोडीदारीण रेल्वेतून उतरून भरल्या पाट्यांनिशी बाजाराकडे निघाल्या होत्या. आत्मारामने मोटार त्यांच्यापुढे आडवी घातली.

"जयवंतीबाय, पाट्या डिकीत टाका नि दोघी मागं बसा. पालघरला परत जायचं हाय."

"येडा झालास का रं? बाजार कोण करल?"

"पोटुशी बाय न्यायची हाय. रिकामी नेली तर पोर जाईल."

जयवंतीने नागोरावाच्या तोंडाकडे पाहिलं. "पालघरलाबी माणसं मासली खातात," असं जोडीदारणीला म्हणत तिने पाटी डिकीत ठेवली.

नागोराव मात्र उसळला. "म्या आख्खी गाडी सांगितली! माझ्या बायकोच्या जिवावर भाडं कमवता व्हय?"

आत्माराम तापट. एरवी त्याने गचांडी धरली असती. आज त्याने हात जोडले. "या दोघींकडून छदाम घेनार नाय, भाऊ. कमानी भारासाठी केल्यात, भार नसला का उडतात. चूक माझी हाय. खोलीपर्यंत बसून बघा. धक्का लागला तर दुसरं कायतरी बघू."

मजुरांच्या खोल्यांपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते दगड. गाडी डुलली, आपटली नाही. नागोराव आत जाऊन साखरबाईला उचलून घेऊन आला.

ती भ्यायली होती. इथे तिचं माहेरचं कुणी नव्हतं. "ये गो बाय," म्हणत जयवंतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, जोडीदारणीने पाय घेतले. आत्मारामने केळव्याच्या शितलादेवीला नारळ बोलून गाडी काढली आणि वाटेतला एकेक खड्डा वळसा घालून चुकवला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "वाटेत दुखलं का?"

"न्हाई जी," साखरबाई म्हणाली. "मला डोळा लागला व्हता."

बाळाचे ठोके नीट होते. बाळंतपणापर्यंत तिला इथेच निजवून ठेवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नागोराव बाहेर आला तेव्हा जयवंती मोटारीच्या दाराला धरून पाय झटकत होती. झोपलेली जागी होईल म्हणून सबंध वाटेत तिने मांडी हलवली नव्हती. पाटी डोक्यावर द्यायला ती जोडीदारणीला हाक मारणार, तोच नागोराव पुढे झाला. उभ्या जन्मात त्याने मासळीला हात लावला नव्हता. त्याने वाकून पाटी उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. गार पाणी त्याच्या सदऱ्यावर ओघळलं.

"मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.

आत्माराम उगाच बॉनेट उघडून आत बघत राहिला. बाजाराला कधीचा उशीर झाला होता, तरी जयवंती पाटी डोक्यावर घेऊन तिथेच उभी राहिली.