उभ्याने न दिसणारं पाणी

माझी बायको आर्किटेक्ट आणि मी दातांचा डॉक्टर. त्यामुळे घरात भिंतींबद्दल मी बोलायचं नाही आणि दाढांबद्दल तिने, असा आमचा जुना समझोता आहे. तो मी इमानाने पाळत आलो. एकदा तरी मोडायला हवा होता, असं आता वाटतं.

तिच्या नोकरीत मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. कुणाच्या जिन्याखाली संडास बसव, कुणाच्या दुकानावर मजला चढव, वरून आलेले शेरे निस्तर. मग गावाबाहेरच्या तळ्याकाठी प्रदर्शनाची इमारत बांधायचं काम ऑफिसात आलं आणि सरांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, ते तिच्या गळ्यात घातलं. तळ्यातले पक्षी, मासे, गवत यांची ओळख करून देणारं प्रदर्शन. ही म्हणाली, तक्ते आणि चित्रं लोक कुठेही बघतील, इथे आलेल्याला बाहेरचं तळं भेटलं पाहिजे.

पण भिंतभर काच लावली की लोक उभ्या उभ्या फोटो काढतात आणि चालू पडतात, याचा हिला भयंकर राग. म्हणून तिने तळ्याकडची भिंत वरपासून बंद केली आणि अगदी खाली, जमिनीलगत, एक लांबलचक आडवी फट ठेवली. जमिनीवर मांडी घालून बसलं की डोळे बरोबर पाण्याच्या पातळीला येतात. बगळा चिखलातून चालला तर तो आपल्या शेजारून चाललाय असं वाटतं. उभ्या माणसाला मात्र बाहेरची खडी दिसावी, बाकी काही नाही, हे तिने मुद्दाम ठरवलं होतं. नकाशात एक उभा माणूस काढून त्याच्या डोळ्यापासून खडीपर्यंत तिने रेघ ओढली होती. ती मला दाखवलीही होती. काय डोकं आहे बाईचं, असं मी तेव्हा कौतुकाने म्हणालो होतो.

ही सगळी कल्पना तिला तिच्या आईवरून सुचलेली. सासूबाई इस्पितळात नर्स होत्या. सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन याच तळ्यावर यायच्या. ही काठावर नाचायला लागली की दटावायच्या, "बस खाली, म्हणजे दिसेल." ते वाक्य हिने इमारतीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावून घेतलं.

सासूबाई आता आमच्याकडेच असतात. त्यांचे गुडघे पार गेलेत, जमिनीवर बसणं बंद होऊन वर्षं लोटली. न्हाणीघरात त्यांच्यासाठी धरायचे दांडे हिनेच उंची बघून लावले, पलंगाचे पाय हिनेच वाढवून घेतले. त्यामुळे ठाऊक नव्हतं म्हणायचीही सोय नाही. इमारतीचा नकाशा काढताना तिच्या डोळ्यांसमोर जी आई होती ती काठावर बसलेली, तरणीताठी होती. घरातली आई तिच्या लक्षातच आली नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दोघींबरोबर रोज जेवायला बसतो.

उद्घाटनाला प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनी हिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. मग म्हणाले, ज्यांच्यामुळे हे सुचलं त्या आईंनी पुढे यावं. सासूबाई काठी टेकत पुढे गेल्या. बाकीचे सगळे पटापट खाली बसले, नटूनथटून आलेल्या बायकासुद्धा. त्या माणसांच्या मधोमध एकट्या सासूबाई उभ्या. कुणीतरी खुर्ची आणली, पण खुर्चीवरून दिसेल इतकी ती फट वर नव्हतीच.

"काय दिसतंय, आई?" अध्यक्षांनी जमिनीवरून विचारलं.

"पाणी दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. "पाखरं आहेत. फार सुंदर केलंय माझ्या लेकीने."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हिच्याकडे पाहिलं आणि माझे हात थांबले. त्या जागी उभं राहून काय दिसतं हे त्या खोलीत हिच्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. ती रेघ तिचीच होती.

पुढे फोन येत राहिले, मासिकवाले येऊन गेले, ऑफिसात पेढे वाटावेत तसं हिचं कौतुक वाटलं गेलं आणि ही दिवसेंदिवस कानकोंडी होत गेली. आईसमोर इमारतीचा विषय निघाला की हातातलं काम टाकून उठायची. मला म्हणाली, "मला लाज वाटते रे. तोंड दाखवायची लाज वाटते."

"त्यांना वाईट नाही वाटलेलं," मी म्हणालो. रोग्याला 'दुखणार नाही' म्हणायची सवय, दुसरं काय.

एका सुट्टीच्या दिवशी ती कुणाला न सांगता तिथे गेली आणि कोपऱ्यात बसून राहिली. तरुण मंडळी येत होती, बसत होती, हरखत होती. अधूनमधून एखादं म्हातारं माणूस यायचं, एखादी पोटुशी बाई यायची. अशी माणसं क्षणभर भिंतीसमोर उभी राहायची आणि बाहेर पडायची. तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंना हिने विचारलं, ही माणसं काही तक्रार करत नाहीत का?

"छे हो, तक्रार कसली," त्या म्हणाल्या. "जाताना छान आहे म्हणतात."

ते ऐकून ही तडक सरांकडे गेली आणि म्हणाली, भिंतीला उभ्याच्या आणि खुर्चीच्या उंचीला खिडक्या पाडायच्या. सर भडकले. एवढी नावाजलेली भिंत आणि तिला भोकं पाडायची? ही हटली नाही. शेवटी सरांनी हात टेकले, पण म्हणाले, इमारतीची शोभा गेली तर ते तुझ्या नावावर. जाऊ दे शोभा, असं ही म्हणाली.

त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडत होत्या आणि मी भांडी विसळत होतो. ही आत आली, तशीच आईसमोर उभी राहिली.

"आई, त्या दिवशी तुला काहीच दिसलं नाही."

सासूबाईंनी भाजी खाली ठेवली. "नाही दिसलं," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस? निदान घरी आल्यावर तरी. मी आता भिंत फोडायला लावलीये."

"अगं, कशाला?" सासूबाई खरोखरच गडबडल्या. "मला वाटलं, तू मुद्दामच तसं केलंयस. धडधाकट माणसांसाठीच असेल ते. आपण आता कशाला मध्ये मध्ये करायचं, म्हणून गप्प बसले."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, हिला भांडता तरी आलं असतं. लेकीने आपल्याला विचार करून वगळलं, असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

ही तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने तोंड ओंजळीत झाकलं. सासूबाई खुर्चीवरून तिच्या डोक्याकडे हात नेत होत्या, तो पोचत नव्हता. मी नळ बंद केला आणि बाहेर निघून गेलो. तिथे थांबायची मला लाज वाटली.